आबांच्या काड्या

दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "पंच्याण्णव! कुणाशी भांडून आलात, ताई?"

आता मला सांगा, मे महिन्याच्या उन्हात सायकल हाणत मेहरूणपर्यंत यायचं, पिठाच्या गिरणीशेजारचा तो लोखंडी जिना चढायचा, कठडा तापलेला म्हणून त्याला हात न लावता चढायचा, आणि या गृहस्थांनी दार उघडायच्या आधी माझ्या टकटकीला मार्क द्यायचे! मी एकदा मुद्दाम दोन बोटांनी हळूच वाजवलं. तर म्हणाले, "चाळीस. घाबरताय कशाला? या की." म्हणजे कसंही वाजवा, सुटका नाही. दूधवाला साठ, पोस्टमन ऐंशी, समोरचे वकील शंभर. बायकोची टकटक तेवढी ते न मोजता उठून दार उघडायचे. "तिला नंबर लावायची आपली छाती नाही," म्हणायचे.

ही मार्कं शंभरापैकी नव्हेत, एकशे सत्तावीसपैकी. का, ते सांगते. सांगायला मला आवडत नाही, कारण त्या आकड्यानं माझं एक अख्खं वर्ष खाल्लं आहे. पण ते सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत.

आबा मूळचे धुळ्याचे. पन्नाशी ओलांडलेली, अंगात बनियन, खाली पांढरी विजार, गळ्यात हेडफोन. गिरणीच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत त्यांचा स्टुडिओ होता, शेजारच्या खोल्यांत बिऱ्हाड. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, खिडकीला दोन जुन्या गोधड्या ठोकलेल्या. खाली गिरणी चालू असली की गाणं रेकॉर्ड करता यायचं नाही, आणि लाइट गेली म्हणून गिरणी थांबली की स्टुडिओही थांबायचा. त्यामुळे गाणाऱ्यांनी यायचं ते गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी, तेही लाइट असली तर. खोलीत एकच टेबलफॅन होता आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे असायचं. मी पदरानं वारा घेत म्हणायचे, "आबा, जरा इकडे वळवा की." तर म्हणायचे, "ताई, तुम्हाला घाम येतो, त्याला येत नाही. ज्याला घाम येत नाही त्याला वारा आधी."

तो कॉम्प्युटर म्हणजे त्या काळी जळगावात नवलच होतं. बँकेत होते, एखाद्या कॉलेजात होते, पण गाण्याला कॉम्प्युटर कशाला लागतो हे कुणालाच समजत नव्हतं. आबांनी तो मुंबईहून जुना आणला होता. त्याला एक सिंथेसायझर जोडलेला. तुम्ही पट्टी दाबली की पडद्यावर एक आडवी रेघ उमटायची, तो सूर. आणि त्या रेघेच्या खाली एक उभी काडी उगवायची, तो जोर. पट्टी जोरात दाबली तर काडी उंच, हळू दाबली तर ठेंगणी. सगळ्यात ठेंगणी एक, सगळ्यात उंच एकशे सत्तावीस. त्याच्या वर जागाच नाही, छतच ते. पुस्तकात याला व्हेलॉसिटी म्हणत. आबा नुसतं 'जोर' म्हणत. आणि त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या 'काड्या'. "आहेत का आबा?" असं खालून विचारलं की गॅलरीतून उत्तर यायचं, "जातील कुठं? बसलेत काड्या करत!"

काकूंच्या तोंडून निघालं ते अगदी खरं होतं. एकदा वाजवून झालेल्या गाण्यातली एकेक काडी माऊसनं धरायची, जरा वर ओढायची, ऐकायचं, जरा खाली ओढायची, ऐकायचं, परत होती तिथं आणून ठेवायची. हा त्यांचा धंदा. एका गाण्यात अशा शेकड्यांनी काड्या. दुपार जायची, दोनदा चहा यायचा, आणि माणूस अजून पहिल्या ओळीतच!

एकदा भर दुपारी लाइट गेली आणि दिवसभराचं काम फ्लॉपीवर घ्यायचं राहून गेलं होतं. सगळं पुसलं गेलं. आबा खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "बरं झालं. आता नीट करता येईल." मी डोक्याला हात लावला.

त्यांची एक ठरलेली शिकवण होती. "ताई, सगळे सूर एका जोराचे म्हणजे शाळेतली प्रार्थनेची रांग. सगळे उभे आहेत, पण प्रार्थना कुणीच करत नाही." मी शाळेतच शिकवत असल्यामुळे हे मला टोचायचं आणि ते टोचावं म्हणूनच ते बोलायचे. दुसरी शिकवण भरताची. "वांग्याच्या भरतात मिरची कशी असते? सगळीकडे सारखी वाटून टाकली तर नुसतं तिखट. एखादा ठेचलेला तुकडा दाताखाली आला पाहिजे, तेव्हा माणूस हं म्हणतो." आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची, एकशे सत्तावीसची. तो आकडा ते कुठल्याच सुराला द्यायचे नाहीत. "वरची पायरी रिकामी ठेवायची. आपण तिथं जाऊन बसलो तर जो खरा येईल तो उभा कुठं राहील?" कोण खरा येणार होता, देव जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "आला की सांगेन."

हे वेड काही कॉम्प्युटरनं लावलेलं नव्हतं. ते आधीपासूनचंच. तरुणपणी धुळ्यात ते एका लग्नाच्या बँडमध्ये होते, ढकलगाडीवर ठेवलेला बाजा वाजवायचे. एका वरातीत मोठा ढोलवाला एकसारखा ठोकत होता. आबांनी भर चौकात हात वर करून बँड थांबवला आणि त्याला शिकवायला लागले. घोड्यावर नवरदेव, पुढं नाचून दमलेली पोरं, मांडवात भटजी मुहूर्ताच्या नावानं ओरडतायत, आणि हे सांगतायत, "हा ठोका जड, हा हलका, मग घोडं पाऊल उचलतं." नवऱ्याचा मामा अंगावर आला तर त्याला म्हणे विचारलं, "नवरदेव काय धान्याचं पोतं आहे, एका ठोक्यात वाहून न्यायला?" मामानं काय केलं ते आबा सांगत नसत. काकू सांगत. "शर्ट फाटून आले होते घरी." बँड सुटला तो तेव्हापासून.

असल्या माणसाच्या हातात मी माझं गाणं दिलं. माझंच नशीब, दुसरं काय!

माझं माहेर पारोळ्याजवळचं. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी भावाच्या घरी कानबाई बसते. सगळी भावकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट होतात, आणि बायका देवीची गाणी म्हणतात. मी सासरी गेलेली, त्यामुळे आमच्याकडे मला रोट मिळत नाही, पण गाण्यातून मला कोण उठवणार? ती गाणी माझ्या मायची. म्हणजे रचली तिनं नाहीत, तिला तिच्या मायकडून आली, पण आमच्या गावात ती म्हणावीत तर मायनंच. पुढं माय आणि मागं साऱ्या जणी. हातात वाद्य म्हणून काही नाही, नुसत्या टाळ्या.

आणि मायचे कान चालले होते. दोन वर्षांत भराभर उतरले. आधी तिला कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग हाका, मग गाण्यात ती एका कडव्यावर आणि बायका दुसऱ्या, असं व्हायला लागलं. मागच्या कानबाईला ती गाता गाता थांबली, सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "आते माले नुसता व्हट दखातस, शब्द नही." ओठ दिसतात, शब्द नाहीत. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जे उरलंय तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही.

तेव्हा मी ठरवलं, मायची गाणी माझ्या आवाजात कॅसेटवर घ्यायची आणि येत्या कानबाईला भावाच्या अंगणात लावायची. मोठ्या बॉक्सवर. तिचे कान पुरते जायच्या आत तिनं एकदा ती ऐकायची. धुळ्याचे एक कॅसेटवाले शेठ तयार झाले. म्हणाले, "आषाढ संपायच्या आत माल द्या, श्रावणात विकू. नाहीतर मी दुसऱ्या बाईंची काढतो." इतकं साधं होतं सगळं. आषाढ संपायच्या आत.

मी गायले ते गिरणीच्या दोन सुट्ट्यांत गाऊन मोकळी झाले. पुढं आबांचं काम. टाळ्या. सिंथेसायझरमध्ये टाळीचा आवाज होता, पट्टी दाबली की टाळी. मी म्हटलं, वाजवा आणि संपवा. आबांनी वाजवलं, ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ही टाळी कुणाची?"

"कुणाची म्हणजे? मशीनची."

"तेच म्हणतो. हिला हात नाहीत." आणि बसले काड्या ओढत. ही टाळी सत्तर, ती पासष्ट, ही त्र्याहत्तर. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मी रोज शाळा सुटली की जायची, पंच्याण्णव ऐकायची, आणि टाळ्या तिथंच. मला मधेच कळलं की सगळ्या काड्या एकदम धरून वरखाली करायची सोय त्या कॉम्प्युटरात होती. मी म्हटलं, "मग तसं करा ना हो!" त्यांना फारच लागलं ते. "सगळ्यांना एका मापानं कमी करायचं? ही काय कापणी आहे का, ताई?"

शेवटी एके दिवशी म्हणाले, "हे मला जमायचं नाही. ज्यांनी जन्मभर या गाण्याला टाळी वाजवली त्यांना आणा. तुमच्या मायला, अक्कांना."

मायला मी एसटीनं आणलं. जिना चढताना ती तीनदा थांबली. आबांनी तिला खुर्ची दिली, सिंथेसायझरसमोर बसवलं, पाया पडले आणि कानावर हेडफोन चढवून आवाज जितका मोठा होईल तितका केला. मायनं डोळे मिटले. मग एकदम माझा दंड धरून ओरडली, "मनी पोर शे हाई! मनी पोर गाई ऱ्हायनी!" आपली पोर गातेय, एवढं तरी तिला ऐकू येत होतं. मी आबांकडे बघितलं, म्हटलं बघा, हेच मला अंगणात हवंय, लवकर आटपा.

आटपतील ते आबा कसले! त्यांनी मायचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. टाळी वाजली. मायनं हात मागे घेतला.

"हाई काय शे? एक बोटनी टाळी कोठे ऱ्हास का?"

"यंत्राची अशीच असते, अक्का. वाजवा."

मायनं वाजवलं. डावा हात आधाराला शेजारच्या, गाण्यानं घुमणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवून ती उजव्या हातानं पट्टी दाबत होती. सुरुवातीला चुकली, मग लागली बरोबर. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आबा म्हणाले, "अजून एकदा."

मग अजून एकदा. मग, "अक्का, जरा मोकळ्या हातानं." मग, "अक्का, घरी वाजवता तसं." मग, "छान, पण अजून एकदा." ते मायच्या टाळ्या ऐकतच नव्हते, नुसते तिच्या डाव्या हाताकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत बसले होते. उकाडा मरणाचा, पंखा कॉम्प्युटरकडे. माय माझ्याकडे वळली. "तू माले आठे टाळ्या वाजाडाले लई उनी का? ह्या माणूसले काही कामधंदा शे का नही?"

"अक्का, शेवटचं. अजून एकदा."

गाणं सुरू झालं. देवी उंबऱ्यात येते त्या कडव्याच्या तोंडाशी मायनं हात डोक्यापर्यंत उचलला, आबांकडे बघितलं, आणि "ले, मुडद्या!" म्हणून पाचही बोटांचा तळवा त्या सिंथेसायझरवर असा हाणला की टेबल हललं, चहाचा कप खाली गेला, आणि काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

मला वाटलं, मोडलं यंत्र. आबा पडद्याला नाक लावून बसले होते. तिथं चार-पाच काड्या एकदम उगवल्या होत्या आणि मधली एक थेट छताला टेकली होती.

"एकशे सत्तावीस," आबा म्हणाले. हळू म्हणाले. मग उठले, फ्लॉपी घातली, काम राखून ठेवलं आणि मायला पुन्हा पाया पडले. माय मला म्हणाली, "चाल व पोरी, हाऊ येडा शे."

मी वाट बघत होते की आता तरी काम संपेल. मायच्या टाळ्या आल्या, झालं! पण आता आबांच्या डोक्यात निराळंच भूत शिरलं. तो तळव्याचा ठोका त्यांनी जसाच्या तसा ठेवला. इतकंच नाही, प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी तोच ठोका, त्याच उंचीचा, उचलून बसवला आणि त्याच्या खाली ढोलाचा एक मोठा घुमारा जोडला. त्याचीही काडी छताला. आणि बाकी सगळ्या गाण्यातल्या काड्या खाली ओढायला घेतल्या. एकेक करून. हातानं.

धुळ्याचे शेठ मधे एकदा ऐकायला आले. त्या ठोक्याला आवाज मोजणाऱ्या मीटरची सुई थेट लाल रेघेत जायची. ते म्हणाले, "अहो आबा, दुकानातले टेप फाटतील. हा दणका कमी करा, की लगेच माल घेतो." मीही म्हटलं, हात जोडून म्हटलं, "आबा, एकशे वीस करा. एकशे दहा करा. कुणाला कळणार आहे?"

"बाकीचं खाली आणतो. याला हात लावायचा नाही."

"का पण?"

"आला आहे तो. बसू द्या."

आषाढ संपला. माल गेला नाही. शेठनी आपल्या शब्दाप्रमाणे दुसऱ्या बाईंची कॅसेट काढली, आणि कानबाईच्या रविवारी भावाच्या शेजारच्या अंगणात तीच वाजत होती. आमच्या अंगणात मायचं तोंड भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी मी मेहरूणला गेले आणि दार असं वाजवलं की आतून आकडाच आला नाही. आबांनी दार उघडलं. मी जिन्यात उभी राहून, खाली गिरणीतली गिऱ्हाइकं वर बघतायत याची पर्वा न करता, त्यांना नाही नाही ते बोलले. "एक दिवस होता माझ्या मायजवळ ऐकायचा, तो तुम्ही तुमच्या काड्यांत घातला!" आबा एवढंच म्हणाले, "आणखी थोडं राहिलंय, ताई." मी तिथून निघाले ते वर्षभर त्यांचं तोंड पाहिलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास मायचे कान गेले. पुरते. तिच्या कानाशी ताट पाडलं तरी मान वळायची नाही.

पुढच्या श्रावणात आबांनी माल पोचवला आणि शेठनी आमची कॅसेट काढली. माझा त्यात जीव नव्हता. भावानं मात्र हौसेनं भाड्याचा मोठा बॉक्स आणला. कानबाई बसली, देवीचा नारळ सजला, अंगण बायकांनी भरलं, आणि फाटकातून कोण आत यावं? आबा. बोलावलं कुणी नव्हतं. एसटीनं आले होते, पाठ घामानं भिजलेली. मला नमस्कार घातला नाही, भावाशी बोलले नाहीत, सरळ मायकडे गेले, तिला हाताला धरून उठवलं आणि बॉक्सच्या शेजारी पाटावर आणून बसवलं. तिचा डावा हात उचलून बॉक्सवर ठेवला.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या आयाबायांसमोर माझ्या बहिऱ्या मायची थट्टा! मी जवळ जाऊन म्हटलं, "तिला बॉक्सजवळ बसवून काय करणार आहात तुम्ही? एक वर्ष उशीर झाला, आबा. ऐकू येत नाही तिला."

"तेव्हाही कुठं धड येत होतं?" आबा म्हणाले. "माझ्याकडे अक्का कानानं वाजवतच नव्हत्या, ताई. त्या हातानं वाजवत होत्या. खोक्यावरच्या."

"मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"जमतंय का नाही हेच ठाऊक नव्हतं. काय सांगू?"

भावानं कॅसेट लावली. माझा आवाज अंगणभर झाला, टाळ्या सुरू झाल्या. हलक्या, पुढं-मागं, कमी-जास्त, अगदी आमच्या ओसरीवर बायका वाजवतात तशा. मला कबूल करायचं नव्हतं, पण त्या टाळ्यांना हात होते. माय मात्र ढिम्म. तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. ती बायकांच्या तोंडांकडे बघत होती, आणि मला ते बघवेना.

मग पहिल्या कडव्याचं तोंड आलं. धाड! बॉक्स हादरला. त्यावर ठेवलेलं हळदीकुंकवाचं ताट उडालं. मायनं दचकून आपल्या हाताकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं, आबांकडे बघितलं. आणि बहिरं माणूस बोलतं तसं, सगळं अंगण दणाणून सोडत ओरडली,

"ले, मुडद्या!"

बायका चिडीचूप झाल्या. देवीपुढं हे काय! आणि त्या चिडीचूपीत मायनं तोंड उघडलं आणि गायला लागली. देवी उंबऱ्यात येते ते कडवं. बरोबर जागेवर. माझ्या आवाजाच्या जोडीनं, एक अक्षर पुढं नाही, एक अक्षर मागं नाही. कडवं संपत आलं की तिचा आवाज जरा डगमगायचा, मग पुढचा ठोका हाताखाली यायचा आणि ती पुन्हा रस्त्याला लागायची. मधलं काही नको होतं तिला. मधलं तिला पाठच होतं. कडवं कुठं सुरू होतं तेवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. बायकांनी मागून सूर धरला. पुढं माय, मागं साऱ्या जणी. मी रडत होते आणि त्याच वेळी आबांचा मला इतका राग येत होता की काय सांगू. वर्ष गेलं ते गेलंच होतं, ते काही कुणी परत देणार नव्हतं. तरीही.

गाणं संपलं. कॅसेट खरखरली आणि भावानं ती बंद केली. पण माय थांबली नाही. तिला कोण सांगणार गाणं संपलं म्हणून? ती देवीला पुन्हा उंबऱ्याशी घेऊन निघाली. बायका गप्प झाल्या, एकमेकींकडे बघू लागल्या, आणि माय एकटीच गातेय.

मी दातओठ खात म्हटलं, "शेवटालाही एक काडी घालायची होती ना हो, आबा! एवढं वर्ष काय केलंत?"

आबा मायसमोर जाऊन मांडी घालून बसले, तिचा डावा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि गुडघा हादरेल अशा टाळ्या वाजवायला लागले. बायकांनी त्यांचं बघून पुन्हा सूर धरला, अंगण पुन्हा भरलं. आणि टाळ्या कशा? सगळ्या एकसारख्या. पहिल्यापासून एकाच जोराच्या, दण दण दण दण, वरातीतल्या त्या ढोलवाल्यासारख्या. ज्या माणसानं कमी-जास्त टाळीपायी माझं वर्ष घालवलं, तो प्रत्येक टाळी छताला नेऊन भिडवत होता.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आबा, ही शाळेतली रांग झाली."

"गप वाजवा, ताई," आबा म्हणाले.